नकाशामागचा इतिहास : राज्ये, राजधान्या आणि आपण

काही महिन्यांपूर्वी एका परिचितांच्या घरी गेलो असता एक गमतीचा प्रसंग अनुभवास आला. घरातला सातवीचा मुलगा परीक्षेसाठी भारतातील राज्ये आणि त्यांच्या राजधान्या मोठमोठ्याने पाठ करीत बसला होता. "आसाम, दिसपूर. मेघालय, शिलाँग. तेलंगण, हैदराबाद." आजोबा आरामखुर्चीत ऐकत होते. ते मध्येच म्हणाले, "बेटा, चुकलास. आसामची राजधानी शिलाँग. आणि हैदराबाद आंध्र प्रदेशची." मुलगा गोंधळला. तेवढ्यात त्याचे वडील बाहेर आले. ते म्हणाले, "अब्बा, शिलाँग मेघालयाची, हे तो बरोबर सांगतोय. पण हैदराबादचं मात्र तुमचंच बरोबर. आम्ही शाळेत आंध्र प्रदेशच शिकलो."

मग संख्येवर गोष्ट गेली. आजोबांनी शाळेत चौदा राज्ये पाठ केली होती, वडिलांनी पंचवीस आणि मुलाच्या पुस्तकात अठ्ठावीस छापली होती. वडिलांच्या मते सर्वांत मोठे राज्य मध्य प्रदेश, तर मुलाच्या पुस्तकात राजस्थान. आजोबांच्या यादीत मद्रास आणि म्हैसूर ही राज्ये होती. नातवाने ती ऐकलीही नव्हती. शेवटी मुलाने त्रासून विचारले, "दादाजान, तुम्ही सांगा, मग खरी यादी कोणाची?"

त्या वेळी मी हसून विषय टाळला. पण प्रश्न मनातून जाईना. कारण आपल्यापैकी बहुतेकांनी ही यादी पाढ्यांसारखी पाठ केली. बे एके बे कधी बदलत नाही, तशीच ही यादीही कायमची आहे असे आपण धरून चाललो. वस्तुतः ती कायमची नाही. ती माणसांनी केलेली आहे, वाद घालून केलेली आहे आणि गेल्या सत्तर वर्षांत अनेक वेळा बदललेली आहे. हे एकदा ध्यानात आले म्हणजे पाठांतराचे ओझे हलके होते आणि त्याच्या जागी इतिहास उभा राहतो. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी जमीन, मग रेषा

विद्यार्थी मित्रांनो, नकाशा शिकावयाचा तर प्रथम त्यावरील सर्व रेषा मनातून पुसून टाका. राज्ये नाहीत, राजधान्या नाहीत, केवळ भूमी आहे असे समजा. मग काय दिसते? उत्तरेला हिमालयाची भिंत. तिच्या पायथ्याशी नद्यांनी गाळ आणून भरलेले विस्तीर्ण मैदान. पश्चिमेला थरचे वाळवंट. दक्षिणेला दख्खनचे जुने, कठीण खडकाचे पठार. पठाराच्या दोन्ही अंगांना समुद्रकिनाऱ्याच्या पट्ट्या. आणि दूर पाण्यात दोन बेटसमूह, पूर्वेला अंदमान-निकोबार व पश्चिमेला लक्षद्वीप. भारताचे हे सहा स्वाभाविक विभाग होत. एवढे सहा शब्द पक्के झाले की राज्यांची नावे त्यांत आपोआप बसू लागतात. हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम, अरुणाचल हे डोंगरातले. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, बिहार हे मैदानातले. झारखंड, छत्तीसगड, तेलंगण हे पठारावरचे. केरळ, गोवा हे किनाऱ्यावरचे.

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. कोकणात भातशेती, खाडी, नारळ आणि मासळी. घाट चढून वर गेले की ज्वारी-बाजरी. आणखी पुढे वऱ्हाडात काळ्या मातीतला कापूस. हा फरक कोणत्याही सरकारने केलेला नाही. पावसाचे ढग सह्याद्रीला अडतात, पश्चिमेकडे कोसळतात आणि पूर्वेकडे जाईपर्यंत रिते होतात. म्हणून कोकण हिरवे आणि घाटामागचा देश कोरडा. गोदावरी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरी उगम पावते. तिथून अरबी समुद्र अगदी जवळ. तरीही ती तिकडे वळत नाही. पठाराचा उतार पूर्वेकडे असल्यामुळे सुमारे १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. महाराष्ट्र, तेलंगण आणि आंध्र प्रदेश ही तीन राज्ये एका नदीने अशी बांधली आहेत.

कित्येक राज्यांची नावेही जमिनीनेच दिली. 'पंज' म्हणजे पाच आणि 'आब' म्हणजे पाणी, हे ज्यांच्या घरात उर्दू बोलली जाते त्यांना सांगावयास नको. पाच नद्यांचा प्रदेश तो पंजाब. हिमाचल म्हणजे बर्फाचा पर्वत. मेघालय म्हणजे मेघांचे घर, आणि हे नाव तर एका भूगोलाच्या प्राध्यापकाचे आहे. कलकत्त्याचे प्राध्यापक एस. पी. चटर्जी यांनी त्या पठाराचा अभ्यास करून १९३६ साली हे नाव वापरले. पुढे छत्तीस वर्षांनी, १९७२ मध्ये, तेच एका राज्याचे नाव झाले.

बादशहाचा नकाशा आणि साहेबाचा नकाशा

जमिनीवर रेषा ओढण्याचे काम राज्यकर्त्यांनी केले. १५८० साली अकबर बादशहाने आपल्या साम्राज्याचे बारा सुभे पाडले. अलाहाबाद, आग्रा, अवध, अजमेर, अहमदाबाद, बिहार, बंगाल, दिल्ली, काबूल, लाहोर, मुलतान आणि माळवा. दक्षिणेत मोगलांचा शिरकाव झाल्यावर वऱ्हाड, खानदेश आणि अहमदनगर हे आणखी तीन आले. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त प्रत्येक सुभ्याची लांबी-रुंदी, नद्या, डोंगर, पिके आणि महसूल यांची नोंद केली आहे. एका अर्थी राज्याचा भूगोल कसा लिहावा याचा तो एक नमुनाच होय. त्या पंधरा नावांतील बिहार आणि बंगाल ही नावे आजच्या राज्यांच्या यादीतही आहेत, आणि खानदेश व वऱ्हाड आजही आपल्या तोंडी आहेत, हे लक्षात घ्या.

राजधान्याही हलत असत. १३२७ च्या सुमारास मुहंमद बिन तुघलकाने आपली राजधानी दिल्लीहून आपल्या देवगिरीला आणली आणि तिला दौलताबाद नाव दिले. काही वर्षांतच ती परत गेली. १६१० मध्ये मलिक अंबरने जवळच खडकी वसविली. तीच पुढे औरंगाबाद झाली आणि आता छत्रपती संभाजीनगर. निजामाची राजधानीही प्रथम तिथेच होती. १७६३ मध्ये ती हैदराबादला गेली. राजधानी ही राजाच्या सोयीची आणि सैन्याच्या वाटेची गोष्ट होती. प्रजेला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

इंग्रजांचे तर याहून विचित्र. जो मुलूख ज्या वर्षी हाती आला तो जवळच्या प्रांताला जोडावयाचा, एवढेच त्यांचे धोरण. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, तिचा मुलूख मुंबई इलाख्यात गेला. नागपूरच्या भोसल्यांचे राज्य खालसा झाले, त्यावरून मध्य प्रांत बनला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. वऱ्हाड १९०३ मध्ये त्यालाच जोडले. मराठवाडा निजामाकडेच राहिला. म्हणजे एकच मराठी बोलणारी माणसे तीन निरनिराळ्या कारभारांत विभागली गेली. उलटपक्षी एकट्या मुंबई इलाख्यात मराठी, गुजराती, कानडी आणि १९३६ पर्यंत सिंधी असे चार भाषांचे लोक एकत्र कोंबलेले होते. कराचीचा फौजदार आणि धारवाडचा मामलेदार या दोघांचेही वरिष्ठ सरकार मुंबईतच!

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा हा असा ठिगळांचा नकाशा आपल्या हाती आला. शिवाय साडेपाचशेहून अधिक संस्थाने होती. त्यांत हैदराबाद-काश्मीरसारखी मोठी होती, आणि कोकणातल्या जंजिऱ्यासारखी छोटीही होती. ती सर्व भारतात सामील करून घेण्यात पहिली दोन वर्षे गेली. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली तेव्हा राज्यांचे अ, ब, क आणि ड असे चार वर्ग होते. हा कारभार तात्पुरता आहे, हे सर्वांनाच दिसत होते.

तीन माणसे आणि अडतीस हजार मैल

आता खरा प्रश्न पुढे आला. रेषा ओढावयाच्या त्या कोणत्या आधारावर? काँग्रेसने १९२० सालच्या नागपूर अधिवेशनापासून आपल्या प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे केल्या होत्या. राज्येही तशीच व्हावीत अशी लोकांची अपेक्षा होती. परंतु फाळणीची जखम ताजी होती. भाषेवरून देश पुन्हा फुटेल अशी भीती पुढाऱ्यांना वाटत होती. म्हणून निर्णय लांबणीवर पडला. अखेर तेलुगू भाषिक राज्यासाठी पोट्टी श्रीरामुलू यांनी मद्रास येथे आमरण उपोषण आरंभिले आणि १५ डिसेंबर १९५२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर मोठा क्षोभ उसळला. १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य स्थापन झाले; त्याची राजधानी होती कर्नूल. एकाला दिले तेव्हा इतरांची मागणीही थांबविता येणार नव्हती.

डिसेंबर १९५३ मध्ये भारत सरकारने राज्य पुनर्रचना आयोग नेमला. त्याचे तीनच सभासद होते. अध्यक्ष न्यायमूर्ती सय्यद फजल अली, आणि सोबत पंडित हृदयनाथ कुंझरू व सरदार के. एम. पणिक्कर. वाचकहो, फजल अली हे नाव आपल्या मुलांच्या कानांवर क्वचितच पडते, आणि त्यांच्या यादीतील जवळजवळ प्रत्येक राज्याची रेषा या गृहस्थांच्या टेबलावरून गेलेली आहे. म्हणून त्यांच्याविषयी थोडे अधिक सांगतो.

फजल अली मूळचे बिहारचे. पाटणा उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीश होते आणि १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले तेव्हाच्या पहिल्या सहा न्यायाधीशांपैकी एक होते. त्याच वर्षी गोपालन खटल्यात इतर न्यायाधीशांशी न पटल्यामुळे त्यांनी आपले भिन्न मत एकट्याने लिहून ठेवले. वीस वर्षांनी, १९७० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाची दृष्टी त्यांच्या मताच्या बाजूला वळली. तोपर्यंत त्यांच्या निधनाला दहा वर्षे होऊन गेली होती.

आयोगाने कसे काम केले तेही पाहण्यासारखे आहे. त्याच्याकडे दीड लाखाहून अधिक पत्रे, तारा व निवेदने आली. सभासदांनी देशातील १०४ ठिकाणांना भेटी दिल्या, अडतीस हजार मैलांहून अधिक प्रवास केला आणि नऊ हजारांहून अधिक लोकांची म्हणणी ऐकून घेतली. वकील, शेतकरी, व्यापारी, संपादक, गावोगावची शिष्टमंडळे, जो आला त्याचे ऐकले. कोणत्याही बादशहाने वा व्हाइसरॉयने रेषा ओढण्यापूर्वी एवढ्या माणसांना "तुमचे काय म्हणणे आहे?" असे विचारले नव्हते.

३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल सादर झाला. त्यातील दोन गोष्टी विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, बिहारचा पश्चिम बंगालशी आणि ओरिसाशी हद्दीचा वाद होता. अध्यक्षांचा बिहारशी दीर्घकाळ संबंध. म्हणून त्या वादांच्या निर्णयात त्यांनी भागच घेतला नाही. आपले गाव ज्या पारड्यात आहे तो तराजू आपण हाती धरू नये, हा तो विवेक. दुसरी गोष्ट हिमाचल प्रदेशाची. तो पंजाबात विलीन करावा असे इतर दोघांचे मत पडले. अध्यक्षांनी आपली स्वतंत्र टीप जोडली आणि हा मागासलेला डोंगराळ मुलूख वेगळाच ठेवावा असे सांगितले. सरकारने त्यांचे मत स्वीकारले. २५ जानेवारी १९७१ रोजी हिमाचल पूर्ण राज्य झाले. पणिक्कर यांनीही उत्तर प्रदेश फार मोठा आहे असे सांगणारी आपली वेगळी टीप लिहिली. म्हणजे तिघांपैकी दोघांनी कुठे ना कुठे मतभेद नोंदविला; तरी आयोग फुटला नाही आणि मतभेद अहवालासोबतच छापला गेला. आज दोन माणसांचे पटले नाही की आपण बोलणे टाकतो. त्या काळच्या या मोठ्या माणसांकडून एवढे तरी शिकण्यासारखे आहे.

आयोगाने सोळा राज्ये सुचविली होती. संसदेने बदल करून १ नोव्हेंबर १९५६ रोजी चौदा राज्ये आणि सहा केंद्रशासित प्रदेश केले. त्या घरातल्या आजोबांची यादी ती हीच.

आपल्या घरचा निकाल

आयोगाचे सर्वच लोकांना पटले असे मात्र नव्हे. महाराष्ट्राच्या बाबतीत तर मुळीच नाही. आयोगाने मुंबई राज्य द्विभाषिक ठेवावे आणि विदर्भ वेगळा करावा असे सुचविले. सरकारने विदर्भ व मराठवाडा मुंबई राज्यात घातले, पण गुजरातही त्यातच ठेवला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी मराठी माणूस रस्त्यावर आला. त्या चळवळीत शंभराहून अधिक लोकांनी प्राण दिले. मुंबईचा हुतात्मा चौक त्यांची आठवण देतो. बार्शीचे शाहीर अमर शेख यांचा पहाडी आवाज त्या सभांतून कसा घुमत असे, हे त्या पिढीतील माणसे अखेरपर्यंत सांगत राहिली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्ये झाली. आपल्या मुलांना १ मेची सुट्टी माहीत असते. तिच्यामागचा हा हिशेबही माहीत असावा.

नागपूरचे कोडेही इथेच सुटते. मध्य प्रांताची आणि १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेले हे शहर मुंबईशी जोडले गेले तेव्हा त्याची राजधानी गेली. पण २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात असे ठरले होते की, विदर्भ महाराष्ट्रात आला तर सरकारने दरवर्षी काही काळ नागपुरात बसावे. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते ते त्यामुळे.

निजामाच्या राज्याचे १९५६ साली तीन तुकडे झाले. मराठी जिल्हे मुंबई राज्याकडे, कानडी जिल्हे म्हैसूरकडे आणि तेलुगू जिल्हे आंध्र प्रदेशाकडे. मराठवाड्यातील कित्येक कुटुंबांची सोयरीक हैदराबाद, गुलबर्गा, बिदर इथवर पसरलेली होती. एका दिवसात मावशी एका राज्यात, मामा दुसऱ्यात आणि आपण तिसऱ्यात असे झाले. लग्नकार्ये थांबली नाहीत, येणेजाणे थांबले नाही. मात्र मुलांची शाळेची भाषा, नोकरीचे कार्यालय आणि जमिनीची दप्तरे बदलली. राज्याची रेषा माणसाच्या आयुष्यात कुठे लागते आणि कुठे लागत नाही, हे यावरून कळते.

तेलंगणाबद्दल आयोगाने सुचविले होते की तो आंध्रात लगेच न मिसळता काही वर्षे वेगळा राहावा आणि पुढे तेथील लोकप्रतिनिधींनी ठरवावे. ते त्या वेळी मानले गेले नाही. दीर्घ आंदोलनानंतर २ जून २०१४ रोजी तेलंगण स्वतंत्र राज्य झाले. नातवाचे उत्तर ते हे. हैदराबाद पुढील दहा वर्षांपर्यंत दोन्ही राज्यांची सामाईक राजधानी राहील असे ठरले होते. ती मुदत २ जून २०२४ रोजी संपली. आंध्र प्रदेशाने कृष्णेच्या काठी अमरावती येथे नवी राजधानी बांधावयास घेतली. आपल्या विदर्भातील अमरावती निराळी, हे मुलांना आवर्जून सांगावे. परीक्षेत इथे गफलत होते.

राजधानी तिथेच का?

राजधानी म्हणजे सर्वांत मोठे शहर, असा मुलांचा समज असतो. तो नेहमी खरा नाही. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पंजाबला राजधानीच उरली नाही. काही काळ सिमल्याहून कारभार चालला. मग डोंगराच्या पायथ्याशी शेते आणि खेडी असलेल्या माळावर चंदिगड हे नवे शहर उभारले. त्याचा आराखडा ल कॉर्बुझिए या वास्तुशास्त्रज्ञाने केला. १ नोव्हेंबर १९६६ रोजी हरियाणा वेगळा झाला तेव्हा चंदिगड कोणाला द्यावे यावर एकमत होईना, म्हणून ते केंद्रशासित झाले आणि दोघांचीही राजधानी राहिले. एक शहर, दोन राज्ये आणि ते स्वतः दोघांपैकी कोणाचेच नाही!

ओरिसाची राजधानी कटक दोन नद्यांच्या मध्ये कोंडलेली होती. म्हणून १९४८ मध्ये भुवनेश्वर येथे नव्या राजधानीची कोनशिला बसविली. गुजरातचा कारभार प्रथम अहमदाबादेतून चाले. १९७० मध्ये तो नव्याने वसविलेल्या गांधीनगरला गेला. आसामातून मेघालय निघाले तेव्हा शिलाँग मेघालयाच्या वाट्याला आले आणि आसामने गुवाहाटीतील दिसपूर येथे आपली राजधानी केली. आजोबा आणि नातू यांच्यात जो वाद झाला त्याचा हा निकाल. दोघेही बरोबर होते. मध्ये १९७२ साल उभे होते.

यापुढचे बदलही थोडक्यात पाहू. १९६३ मध्ये नागालँड, १९७५ मध्ये सिक्कीम, १९८७ च्या फेब्रुवारीत मिझोराम व अरुणाचल आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा हे पंचविसावे राज्य झाले. वडिलांची यादी इथे पुरी होते. मग २००० च्या नोव्हेंबरात छत्तीसगड, उत्तरांचल आणि झारखंड ही तीन राज्ये निघाली. उत्तरांचलाचे नाव २००७ मध्ये उत्तराखंड झाले. छत्तीसगड गेल्यामुळे मध्य प्रदेश लहान झाला आणि राजस्थान सर्वांत मोठे राज्य ठरले. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी जम्मू-काश्मीर राज्याचे जम्मू-काश्मीर आणि लडाख असे दोन केंद्रशासित प्रदेश झाले, आणि २०२० मध्ये दादरा-नगरहवेली व दमण-दीव एकत्र केले गेले. म्हणून आज अठ्ठावीस राज्ये आणि आठ केंद्रशासित प्रदेश.

पालकांसाठी चार प्रश्न

पालकहो, मुलाला यादी पाठ करावयास लावू नका असे मी म्हणत नाही. पाठांतर हवेच, त्याशिवाय परीक्षेत निभाव लागत नाही. परंतु रोज एकच राज्य घ्यावे आणि त्याला चार प्रश्न विचारावेत. जमीन कोणती? नाव कशावरून पडले? केव्हा आणि का झाले? राजधानी तिथेच का?

झारखंडावर हे प्रश्न घालून पाहा. जमीन छोटा नागपूरच्या पठाराची. नाव झाडा-जंगलावरून. स्थापना १५ नोव्हेंबर २००० रोजी, कारण तो आदिवासी पुढारी बिरसा मुंडा यांचा जन्मदिन आणि वेगळ्या राज्याची मागणी तेथील आदिवासींची फार जुनी. राजधानी रांची, कारण उंचावरचे थंड हवेचे हे शहर पूर्वी बिहारची उन्हाळी राजधानी होते आणि कारभाराची सोय तिथे आधीच होती. चार उत्तरे मिळाली. आता हे राज्य मूल विसरेल काय?

यासाठी महागडी पुस्तके लागत नाहीत. दुकानात मिळणारा कोरा नकाशा आणि एक पेन्सिल पुरे. रेल्वेचा प्रवास तर चालती शाळाच आहे. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणारी गाडी घ्या. कसाऱ्याला घाट चढली की कोकण संपले. भुसावळ, अकोला, नागपूर मागे पडले की छत्तीसगडात रायपूर, ओडिशात राउरकेला, झारखंडात टाटानगर आणि पश्चिम बंगालात हावडा. एका गाडीत पाच राज्ये. स्थानकांच्या पाट्यांवरची लिपी कुठे बदलते ते मुलाला खिडकीतून टिपून घ्यायला सांगा. १९५६ चा कायदा त्याला पाटीवर वाचता येईल. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांची जुनी यादी म्हणावयास लावा. ती चूक नाही, तो दस्तऐवज आहे.

शेवटी त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. खरी यादी कोणाची? बेटा, तिन्ही खऱ्या आहेत. फक्त प्रत्येकीच्या खाली साल लिहावयाचे. परीक्षेत तू अठ्ठावीसच लिही, कारण आजचे साल आजचेच उत्तर मागते. पण मनात तिन्ही ठेव. कारण या यादीतील प्रत्येक ओळीमागे कोणीतरी निवेदन लिहिले आहे, कोणी उपोषण केले आहे, कोणी गोळी खाल्ली आहे आणि कोणी अडतीस हजार मैल फिरून सर्वांचे ऐकून घेतले आहे. ज्यांना हे ठाऊक नसते त्यांना नकाशा वरून कोणीतरी दिलेला वाटतो आणि आपण त्यात नुसते राहणारे. ज्याला हे ठाऊक असते त्याला कळते की या नकाशावर आपल्याही माणसांची अक्षरे आहेत. पुढे कधी आपल्या गावाचे, तालुक्याचे वा राज्याचे काही म्हणणे मांडण्याची वेळ आली तर ते कागदावर, पुराव्यानिशी मांडावे, दुसऱ्याचेही ऐकावे, आणि न पटले तर फजल अलींप्रमाणे आपली टीप स्वच्छ अक्षरात जोडावी, एवढे तो त्यातून शिकेल.

असे जेव्हा होईल तेव्हा राज्ये आणि राजधान्या खऱ्या अर्थाने पाठ झाल्या असे म्हणावयास हरकत नाही.